परतीचं भाडं

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून माल नेणाऱ्या गाडीवाल्याचं गणित जाण्याच्या भाड्यावर कधी संपत नाही. चाकणला कास्टिंग उतरवलं, भाडं हातात आलं, पण गाडी रिकामी आणायची म्हटली की डिझेल, टोल आणि वाया जाणारा दिवस मिळून अर्धी कमाई खातात. म्हणून भाडं ठरवतानाच तो विचारतो, परतीचं काय? परतीचं भाडं जमलं तरच फेरा परवडतो.

'क्लोज्ड लूप सप्लाय चेन' नावाचा विषय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत शिकवला जातो. त्याचा गाभा गाडीवाल्याच्या या प्रश्नात आहे. माल ग्राहकापर्यंत कसा जाईल याचा आराखडा प्रत्येक कारखान्याकडे असतो. तोच माल वापरून झिजल्यावर परत कसा येणार, कोण आणणार आणि आल्यावर त्याचं काय करायचं, याचा आराखडा फार थोड्यांकडे असतो. कागलमध्ये हा विषय पुस्तकाबाहेर, रोजच्या कामात पाहता येतो.

वसाहतीचं पूर्ण नाव कागल-हातकणंगले. कसबा सांगाव आणि तळंदगे या गावांच्या शिवारांत, दोन तालुक्यांत ती पसरली आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळून जातो आणि कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना इथे आहे, कापडाचे कारखाने आहेत, आणि फाउंड्री व मशीन शॉप तर ओळीने आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शहरातलं जुनं शिवाजी उद्यमनगर धरलं तर कोल्हापूर परिसरात सुमारे 300 फाउंड्री भरतात. देशातल्या कितीतरी ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपांच्या पोटातलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, इथल्या भट्ट्यांमधून गेलेलं असतं.

फाउंड्रीत 'रिटर्न' हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. वितळलेला रस साच्यात ओतताना तो ज्या वाटांनी जातो ते रनर आणि आकसणाऱ्या धातूला भर घालणारा रायझर, हे सगळं गार झाल्यावर कास्टिंगला चिकटून बाहेर येतं. ते तोडून बाजूला काढतात. शंभर किलो रस ओतला तर चांगलं कास्टिंग साठ-पासष्ट किलोचं निघतं, बाकीचं रिटर्न. दुसऱ्या दिवशी भट्टीत चार्ज टाकताना पिग आयर्न आणि स्टील स्क्रॅपबरोबर तेही जातं. साच्याच्या वाळूचीही हीच कथा. नॉकआउटला साचा फुटला की वाळू पट्ट्यावरून मागे जाते, थोडं बेंटोनाइट, थोडी कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळून पुन्हा साच्यात बसते. फेऱ्याफेऱ्यांत जळून निकामी झालेली वाळू तेवढी बाहेर पडते. ती कुठे टाकायची हा कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांचा जुना घोर आहे, आणि त्यासाठी उद्योजकांनी एकत्र येऊन वाळू पुन्हा वापरण्याजोगी करण्याचं काम क्लस्टरमधून हाती घेतलं.

दुसरं रिटर्न कुणालाच नको असतं. ग्राहकाकडे मशीनवर चढल्यावर, दोन-तीन मिलिमीटर धातू निघाल्यावर आतून ब्लोहोल उघडा पडतो. कास्टिंगवर लाल रंगाचा फराटा मारला जातो, डेबिट नोट निघते आणि तो ठोकळा परतीच्या गाडीत चढतो. गेटवर उतरला की त्याच्या अंगावरची उठावाची अक्षरं वाचतात. पार्ट नंबर, फाउंड्रीची खूण आणि हीट नंबर. हीट नंबरवरून त्या दिवशी कुठल्या भट्टीत, कुठल्या मिश्रणाचा रस होता, स्पेक्ट्रोमीटरने कार्बन-सिलिकॉन किती दाखवलं होतं, सगळं रजिस्टरमध्ये सापडतं. बिडाला त्याचं जन्मगाव विचारायची ही सोय ध्यानात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

नापास ठोकळा शेवटी भट्टीतच जातो. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला सुमारे 600 युनिट वीज लागते. ती दुसऱ्यांदा खर्च होते, पण खरं नुकसान विजेचं नाही. लोखंड स्वस्त असतं, महाग असतो तो आकार. पॅटर्न, साचा, कोअर, ओतकाम, फेटलिंग, मग लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग. एका ओबडधोबड ठोकळ्याला सिलिंडर ब्लॉक म्हणण्याजोगं करायला जी मेहनत लागते, ती वितळवताच शून्य होते. भंगार वितळवून नवं करणं म्हणजे रिसायकलिंग. आकार राखून, झिजलेला भाग तेवढा बदलून वस्तू पुन्हा नव्याच्या तोडीची करणं म्हणजे पुनर्निर्मिती, रीमॅन्युफॅक्चरिंग. दोन्हींत जुनं परत येतं, पण पहिल्यात वजन वाचतं आणि दुसऱ्यात मेहनत.

या पुनर्निर्मितीचं आपल्याकडचं सगळ्यात अस्सल उदाहरण उसाच्या गाडीमागे लपलेलं आहे. कागल तालुक्यात शाहू कारखाना आहे, हमीदवाड्याचा मंडलिक कारखाना आहे. जवळच बिद्री आणि हुपरी. हंगामाची मोळी गव्हाणीत पडली की ऊस कापला जातो आणि मिलच्या रोलरांमधून पिळत पुढे सरकतो. एका मिलला मुख्य तीन रोलर असतात, टॉप, फीड आणि डिस्चार्ज, आणि अशा चार-सहा मिली एकापुढे एक. रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो, पण शेकडो टनांच्या दाबाखाली. मोठ्या रोलरचं वजन दहा टनांच्या पुढे जातं.

रोलर दोन भागांचा असतो. आत घडीव पोलादाचा शाफ्ट आणि त्याच्यावर बिडाचं जाड कवच, म्हणजे शेल. कवचाचं बीड मुद्दाम भरड दाण्याचं ठेवतात, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर चिपाड घसरतं. त्यावर गोल फिरणाऱ्या व्ही आकाराच्या खाचा असतात. आंबट रस, उसाचा धागा आणि सगळ्यात वाईट म्हणजे उसाबरोबर येणारी माती, यांनी त्या खाचांचे दात बोथट होतात. 2019 आणि 2021 सारखा महापूर आला आणि ऊस चिखलासकट आला, तर हे दात आणखी लवकर जातात. चालू हंगामात वेल्डर त्यांच्यावर वेल्डिंगचे खडबडीत ठिपके टाकून पकड टिकवतात. हंगाम संपला की रोलर लेथवर चढतो, खाचा नव्याने कापल्या जातात आणि प्रत्येक वेळी व्यास थोडा उतरतो. उतरता उतरता एक दिवस कवच पातळ होतं. तेव्हा शाफ्ट मात्र ठणठणीत असतो.

मग रिशेलिंग. कोल्हापूरची एस. बी. रिशेलर्स ही कंपनी नावातच हे काम घेऊन उभी आहे. जुनं कवच चिरून काढतात, त्याचे तुकडे भट्टीच्या वाटेला लागतात. उघडा पडलेला शाफ्ट तपासायचा. बेअरिंग जिथे बसतं त्या जर्नलच्या कोपऱ्यात पिळाचा ताण साठतो, तडा जायचा तर तिथून. अल्ट्रासॉनिक यंत्राने पोलादाच्या आत आवाजाच्या लहरी सोडतात, आत फट असेल तर लहर वेळेआधी परतते. मडकं घेताना बोटाने वाजवून ते खणखणीत आहे की बद्द हे पाहतो, त्याचंच हे पुढचं रूप. वरच्या चिरा पाहायला लाल रंग लावून पुसतात आणि पांढरी पावडर मारतात. चिरेत मुरलेला लाल रंग पावडरीतून वर येतो आणि केसाएवढी रेघ दिसते. रेघ दिसली की पुढचं काम थांबतं.

शाफ्ट पास झाला की त्याच्या मापाने नव्या कवचाचं भोक कापतात, शाफ्टपेक्षा किंचित लहान. आता लहान भोकात मोठा शाफ्ट घालायचा कसा? कवच तापवायचं. बिडाचं 400 मिलिमीटरचं भोक 200 अंशांनी तापलं तर साधारण 0.9 मिलिमीटरने मोठं होतं. पुरता एक मिलिमीटरही नाही, पण तेवढं पुरतं. क्रेनला टांगलेला शाफ्ट उभाच त्या तापलेल्या भोकात सोडतात. मध्ये अडकला तर संपलं, कारण गार होणारं कवच वाट पाहत नाही. म्हणून माप आधी तीनतीनदा घेतलेलं असतं आणि क्रेनवाल्याकडे बघत सगळे गप्प उभे असतात. गार झालं की कवच शाफ्टला असं आवळतं की शेकडो टनांच्या दाबातही फिरत नाही. मग लेथ, मग खाचा, आणि रोलर पुन्हा कारखान्याच्या वाटेला. एकाच शाफ्टच्या अंगावर आयुष्यभरात अशी कित्येक कवचं चढतात.

हा धंदा इतका सुरळीत का चालतो, यावर मला थांबायचं आहे, कारण उत्तर कारागिरीत नाही. कारागिरी आहेच, पण इंजिन बांधायची कारागिरी कोल्हापुरात तेवढीच मुरलेली आहे आणि तिथे हे चक्र असं बसत नाही. रोलरच्या बाबतीत तीन गोष्टी आधीपासून ठाऊक असतात. रोलर कुणाकडे आहे, हे माहीत. कधी येणार, हे माहीत. गाळप संपलं की आणि पुढचा हंगाम लागायच्या आत. कुठल्या अवस्थेत येणार, याचाही अंदाज, कारण त्याने किती टन ऊस पिळला ते कारखान्याच्या नोंदीत असतं. शिवाय जुना रोलर आणि नवा रोलर यांचा मालक एकच. परतीचं भाडं आधीच ठरलेलं आहे.

आता डिझेल इंजिन घ्या. कोल्हापूरचा इंजिनिअरिंग उद्योग दुरुस्तीतून उभा राहिला. नदीकाठच्या उसाला पाणी उपसणारी आणि गुऱ्हाळाचा घाणा फिरवणारी इंजिनं परदेशातून येत, त्यांचे सुटे भाग वेळेवर मिळत नसत, आणि म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी ते भाग, पुढे अख्खी इंजिनंच इथे करून दाखवली. आजही 'इंजिन बांधलं' म्हणणारा मेस्त्री गल्लोगल्ली आहे. क्रँकशाफ्ट झिजला तर तो 0.25, 0.50, 0.75 मिलिमीटरने ग्राइंड करतात आणि त्या मापाचं जाड बेअरिंग घालतात. सिलिंडरला स्लीव्ह बसवतात किंवा बोअर मारून मोठा पिस्टन घालतात. पिस्टन आणि बेअरिंग बनवणारे कारखानेही कोल्हापुरातच आहेत.

मग बांधलेलं इंजिन आणि पुनर्निर्मित इंजिन यांत फरक काय? मेस्त्री तुमचंच इंजिन खोलतो, जे बिघडलं ते बदलतो आणि तुम्हालाच परत देतो. कारखान्यातल्या पुनर्निर्मितीत शंभर जुनी इंजिनं एकदम खोलतात, प्रत्येक भाग धुऊन, मोजून, नव्या इंजिनाच्या मापात आणतात. तुमचा ब्लॉक दुसऱ्याच्या इंजिनात जातो, दुसऱ्याचा क्रँक तुमच्यात, आणि टेस्ट बेंचवर चालवून नव्यासारखीच हमी देऊन ते विकतात. पॅरिसजवळ श्वाझी-ले-र्वा इथे रेनोने 1949 मध्ये असा कारखाना सुरू केला. युद्धानंतर धातूची चणचण होती. कोल्हापूरनेही टंचाईतूनच हात शिकवून घेतले, पण त्या हातांभोवती परतीची व्यवस्था उभी राहिली नाही. अमेरिकेत कॅटरपिलरने 1973 पासून हा वेगळा धंदा म्हणून वाढवला.

या धंद्यात परत आलेल्या जुन्या भागाला 'कोअर' म्हणतात. फाउंड्रीत कोअर म्हणजे पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा, त्यामुळे आपल्याकडे बोलताना हमखास गोंधळ होतो. नवा भाग विकतानाच कोअरची अनामत घेतात, जुना आणून दिला की ती परत. गाडीची बॅटरी बदलताना 'जुनी देताय का?' असा प्रश्न येतो, तीच ही रीत. पण क्रँकशाफ्ट बदलताना असा प्रश्न क्वचित येतो. तो भंगारात जातो आणि किलोवर विकला जातो. समजा चाळीस किलोचा क्रँक 35 रुपये किलोने गेला, तर 1400 रुपये आले. तोच ग्राइंड होऊन दुसऱ्या इंजिनात बसला असता, तर नव्या क्रँकच्या किमतीशी त्याची तुलना झाली असती. भंगारवाल्याचा काही दोष नाही. तो दारात येतो, रोख देतो आणि वजनकाटा खोटं बोलत नाही. पुनर्निर्मिती करणाऱ्याला त्याच्यापेक्षा आधी पोचावं लागतं आणि जास्त द्यावं लागतं, आणि जास्त द्यायचं तर भाग कसा आहे हे उघडून न बघता ओळखता आलं पाहिजे.

डॅनियल गाइड आणि लुक व्हॅन वासेनहोव्ह हे या विषयातले मोठे अभ्यासक. 2003 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या रीसेल्युलर या जुने मोबाइल विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्या कंपनीच्या व्यवहारावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातलं सूत्र साधं आहे. मिळेल ते घेत बसायचं नाही. फोनच्या अवस्थेप्रमाणे श्रेणी ठरवायच्या आणि प्रत्येक श्रेणीला वेगळा भाव द्यायचा. भाव बदलला की येणाऱ्या मालाचं प्रमाण आणि दर्जा दोन्ही बदलतात. परत येणाऱ्या मालाचीही खरेदी करायची असते, हे त्यातून ठसलं. त्यांच्याच पुढच्या एका कामात प्रिंटरसारख्या वस्तू परत आल्यावर पडून राहिल्या तर किती किंमत गमावतात याचा हिशोब आहे. लवकर जुनी होणारी वस्तू असेल तर ती ताबडतोब, जागच्या जागी तपासावी आणि चांगली लगेच बाजूला काढावी. वस्तू रोलरसारखी सावकाश जुनी होणारी असेल तर एका मोठ्या मध्यवर्ती जागी न्यावी, वाहतूक स्वस्त पडते.

कागलसाठी यातला पहिला भाग, अवस्थेप्रमाणे भाव देण्याचा, मोलाचा आहे. माझ्या मते सुरुवात करायची तर जनरेटरच्या इंजिनापासून. ते एका जागी बसलेलं असतं, त्याला अवर मीटर असतो, म्हणजे किती तास चाललं ते ठाऊक, आणि बऱ्याच ठिकाणी देखभालीचा करारही असतो. कुठे, कधी, कुठल्या अवस्थेत, ही तिन्ही उत्तरं मिळतात. शेतातलं किंवा रस्त्यावरचं इंजिन मात्र पाच मालकांच्या हातून गेलेलं असतं.

अर्थात प्रत्येक इंजिनाला दुसरा जन्म द्यावा असं मी म्हणणार नाही. जनरेटरसाठी 1 जुलै 2023 पासून धुराचे कडक निकष लागू झाले. जुन्या निकषाचं, तेल पिणारं इंजिन पुन्हा नव्यासारखं केलं तर ते जुन्याच धुरासह आणखी दहा वर्षं चालेल. तिथे ब्लॉक वितळवलेलाच बरा. पण असा निर्णय भाग मोजून व्हावा, भंगारवाल्याची हाक ऐकू आली म्हणून होऊ नये.

सरकारी नियमही आता परतीकडे वळले आहेत. 2022 च्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी टाकली आणि 1 एप्रिल 2025 पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे नियम आले. पाऊल योग्य आहे, पण वाहनांच्या नियमातला हिशोब मुख्यतः पोलादाच्या वजनाचा आहे. वजनाच्या हिशोबात नीट काढून ठेवलेला गिअरबॉक्स आणि चेपून टाकलेला गिअरबॉक्स सारखेच दिसतात. कोल्हापूरचं कसब आकारात आहे, आणि नियमांत आकाराला अजून जागा हवी आहे. मॅक, गोशिमा, स्मॅक या आपल्या उद्योजक संघटनांनी ही मागणी लावून धरावी असं मला मनापासून वाटतं. जिल्ह्यात क्रँक ग्राइंड करणारा, ब्लॉक बोअर करणारा, तडे तपासणारा आणि नवा भाग ओतणारा एका तासाच्या अंतरावर आहेत. एवढं एकत्र असलेली जागा शोधायला दूर जावं लागेल.

परतीचा हा प्रश्न आता पवनचक्क्यांपर्यंतही पोचला आहे. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं धरतात, म्हणजे त्यांतल्या पहिल्या आता उतरण्याच्या वयात आल्या आहेत, आणि जुन्या चक्क्या काढून मोठ्या बसवण्यासाठी केंद्राचं 2023 चं धोरणही आहे. चक्कीचं पातं ज्याला जोडतात तो हब म्हणजे काही टनांचं, उत्तम प्रतीच्या लोखंडाचं कास्टिंग. असे अजस्र भाग ओतणारी सिनर्जी ग्रीन ही कंपनी कागलच्या वसाहतीत आहे, आणि ती एस. बी. रिशेलर्सच्याच समूहातली. रोलरचं परतणं पाहून तयार झालेल्या माणसांच्या हातून हे हब निघतात.

यंदा ओतलेला हब 2050 च्या आसपास खाली उतरेल. ओतणारा तोवर निवृत्त झालेला असेल, रजिस्टरं बदललेली असतील, मालकही बदलला असेल. हबवर रंगाचे थर चढलेले असतील. पण रंग खरवडला की खाली उठावाची अक्षरं हाताला लागतील. त्यांतल्या हीट नंबरची नोंद तेव्हा उघडता आली, तर त्या लोखंडात काय आहे हे वितळवण्याआधी कळेल. ती नोंद पंचवीस वर्षं कुठे आणि कुणी जपायची, हे मात्र आज ठरवावं लागेल, हब गाडीवर चढायच्या आत.